एकाच लांबीच्या संख्यांची सर्वांत लांब भूमिती श्रेढी: वही-पेन्सिलीने कशी शोधायची

१, २, ४, ८. एक अंकी संख्यांची ही भूमिती श्रेढी चार पदांवर थांबते, कारण पुढचे पद १६ आणि ते दोन अंकी. याहून लांब श्रेढी एक अंकी संख्यांत नाही. मग दोन अंकी संख्यांत सर्वांत लांब श्रेढी किती पदांची? तीन अंकी संख्यांत? सात अंकी संख्यांत? ही उत्तरे ओळीने लिहीत गेलो की पूर्णांकांचा एक क्रम तयार होतो. नववी-दहावीच्या गणितावर तो क्रम स्वतः कसा काढायचा, ते इथे पायरीपायरीने मांडतो.

मी चाळीसगाव तालुक्यात शाळकरी मुलांना गणित शिकवतो. मे महिन्यात खान्देशात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. तेव्हा घरात पंख्याखाली बसून करायला हा विषय मला फार जवळचा वाटतो. वही, पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर काम भागते आणि मुलांच्या हाती त्यांनी स्वतः शोधलेले काहीतरी लागते.

आधी नियम ठरवून घ्या

सगळी पदे धन पूर्णांक हवीत. सगळ्यांच्या अंकांची संख्या सारखी हवी. प्रत्येक पदाला एकाच संख्येने गुणून पुढचे पद मिळाले पाहिजे. श्रेढी चढती धरू, कारण उतरती म्हणजे तीच उलटी वाचलेली.

मुलांची पहिली अडचण तिसऱ्या नियमाशी येते. सामाईक गुणोत्तर म्हटले की ती २ किंवा ३ घेतात. १०, २०, ४०, ८० अशी चार पदे मिळतात आणि प्रश्न संपला असे त्यांना वाटते. पण गुणोत्तर पूर्णांक असलेच पाहिजे असे नियमात कुठेही म्हटलेले नाही. पदे तेवढी पूर्णांक हवीत. दीडपटीने चालून पाहा:

१६, २४, ३६, ५४, ८१

पाच पदे, सगळी दोन अंकी. हे फळ्यावर मी स्वतः लिहीत नाही, मुलांकडूनच येऊ देतो. वेळ लागला तरी चालेल.

पहिल्या पदात काय दडलेले असते

आता तीन अंकी संख्या घ्या आणि १०० पासून दीडपटीने निघा. १००, १५०, २२५, आणि पुढे ३३७.५. गाडी अडली. का? दर वेळी ३ ने गुणून २ ने भागतो आहोत, म्हणजे प्रत्येक पायरीला पहिल्या पदातला एक २ खर्च होतो. १०० = २ × २ × २५. त्यात दोनच २ होते, म्हणून दोनच पायऱ्या चालल्या.

पाच पायऱ्या चालायच्या असतील तर पहिल्या पदात निदान पाच वेळा २ हा अवयव पाहिजे. १२८ मध्ये तो सात वेळा आहे:

१२८, १९२, २८८, ४३२, ६४८, ९७२

सहा पदे. या एका निरीक्षणावर पुढचे सगळे उभे आहे, म्हणून ते नीट नियमात बांधू. गुणोत्तराचा अंश म आणि छेद ल म्हणू. अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आहे, म्हणजे म आणि ल सहमूळ आहेत. घ पायऱ्या चालायच्या आहेत, म्हणजे पदे घ + १. ल^घ म्हणजे ल चा घ-वा घात. दर पायरीला ल ने भाग जायला हवा आणि म मधून त्याला काहीही मदत होत नाही, म्हणून पहिल्या पदाला ल^घ ने पूर्ण भाग गेलाच पाहिजे. तो भागाकार ग म्हणू. मग

पहिले पद = ग × ल^घ
शेवटचे पद = ग × म^घ

मधली पदे आपोआप ठरतात. वरच्या उदाहरणात ल = २, म = ३, घ = ५ आणि ग = ४. पडताळून पाहा: ४ × ३२ = १२८, ४ × २४३ = ९७२.

ल नेहमी म पेक्षा एकनेच कमी घ्या

गुणोत्तरे असंख्य आहेत, सगळी कशी तपासणार? तपासावी लागत नाहीत. समजा ५/३ गुणोत्तराची एखादी श्रेढी बसली. ग आणि घ तेच ठेवून ३ च्या जागी ४ घाला. शेवटचे पद बदलत नाही. पहिले पद मोठे होते, तरी शेवटच्यापेक्षा लहानच राहते. म्हणजे सगळी पदे त्याच अंकसंख्येत राहतात. लागोपाठच्या दोन संख्या सहमूळ असतातच, त्यामुळे तीही अडचण नाही.

म्हणून सर्वांत लांब श्रेढी शोधताना २/१, ३/२, ४/३, ५/४, ६/५ आणि पुढची अशीच गुणोत्तरे पाहायची.

ग ची खिडकी

पदे न अंकी हवीत. याचा अर्थ पहिले पद १०^(न−१) पेक्षा कमी नको आणि शेवटचे पद १०^न च्या आत हवे. यातून ग ला दोन बंधने मिळतात:

ग ची खालची सीमा: १०^(न−१) ला ल^घ ने भागा, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्या.
ग ची वरची सीमा: (१०^न − १) ला म^घ ने भागा, अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक घ्या.

खालची सीमा वरच्या सीमेपेक्षा जास्त नसेल तर श्रेढी आहे. जास्त असेल तर नाही. दोन भागाकार केले की निकाल लागतो.

चार अंकी संख्यांसाठी करून पाहू. गुणोत्तर ४/३, घ = ६. ३^६ = ७२९ आणि ४^६ = ४०९६. १००० ÷ ७२९ म्हणजे १.३७, वरचा पूर्णांक २. ९९९९ ÷ ४०९६ म्हणजे २.४४, खालचा पूर्णांक २. ग = २ हा एकच बसतो:

१४५८, १९४४, २५९२, ३४५६, ४६०८, ६१४४, ८१९२

सात पदे. यापेक्षा जास्त पदे शक्यच नाहीत हे कसे म्हणायचे, ते पुढे येईल. ती पायरी गाळू नका.

पाच अंकी संख्यांत ५/४ घ्या, घ = ७, ग = १:

१६३८४, २०४८०, २५६००, ३२०००, ४००००, ५००००, ६२५००, ७८१२५

ही आठ पदे मुलांनी फरशीवर खडूने लिहिली होती. १६३८४ सारख्या आडदांड संख्येतून निघून मध्येच ४०००० आणि ५०००० अशा स्वच्छ संख्या आल्यावर एका मुलीने पुन्हा पहिल्यापासून गुणाकार करून पाहिला. कारण साधे आहे. प्रत्येक पायरीला एक ४ जातो आणि एक ५ येतो. मधल्या भागात दोन्ही भरपूर असतात, म्हणून तिथे शून्ये जमतात. टोकाला एकट्या ४ चे किंवा एकट्या ५ चे घात उरतात.

यातल्या दुसऱ्या पदाचा आमच्या भागाशी एक धागा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त श्रेढीव्यवहारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात दुपटीच्या श्रेढीचे एक उदाहरण आहे. पहिल्या दिवशी दोन वराटक, म्हणजे कवड्या, आणि पुढे महिनाभर रोज दुप्पट दान केले, तर एकूण निष्क किती? २० वराटकांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. गुणाकार करा: एका निष्कात २०४८० वराटक. पाच अंकी यादीतले दुसरे पद तेच. यात गूढ काही नाही. १६, १६, ४ आणि २० यांचे अवयव पाडले की सहा ४ आणि एक ५ मिळतो, आणि आपल्या यादीतले दुसरे पद म्हणजे ४^६ × ५ च आहे. तीस दिवसांच्या दानाची बेरीज २१४७४८३६४६ वराटक होते. तिचे निष्क करून पाहायला मुलांना जरूर द्या. उत्तर १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी, ६ वराटक.

याहून लांब नाही, हे कसे सिद्ध करायचे

सापडली म्हणून सर्वांत लांब, असे म्हणता येत नाही. त्यासाठी प्रत्येक घ साठी एक तपासणी लागते. शेवटचे पद पहिल्याच्या दहापटीपेक्षा कमी असले पाहिजे, नाहीतर दोन्हींचे अंक सारखे राहणार नाहीत. म्हणजे गुणोत्तराचा घ-वा घात १० च्या आत हवा. त्यावरून प्रत्येक घ साठी चालणारा सर्वांत लहान म मिळतो:

घ = ३ : म निदान २
घ = ४, ५ : म निदान ३
घ = ६, ७, ८ : म निदान ४
घ = ९, १० : म निदान ५
घ = ११, १२ : म निदान ६
घ = १३, १४ : म निदान ७

उदाहरणार्थ, दीडचा पाचवा घात ७.५९ आहे आणि सहावा ११.३९, म्हणून सहा पायऱ्यांना ३/२ चालत नाही. ही यादी मुलांनी कॅल्क्युलेटरवर स्वतः करावी. पाठ करायची ही गोष्ट नाही.

आता शेवटचे पद निदान म^घ एवढे असते. त्या घाताचे अंक मोजले की तितक्या पायऱ्यांना कमीत कमी किती अंक लागतात ते कळते. ४^७ = १६३८४, पाच अंकी. म्हणजे सात पायऱ्या चार अंकी संख्यांत अशक्य, आणि वरची सात पदांची श्रेढीच तिथे सर्वांत लांब ठरते. ५^९ = १९५३१२५, सात अंकी. म्हणजे नऊ पायऱ्या सहा अंकी संख्यांत अशक्य. एकेका ओळीची सिद्धता, पण ती वहीत लिहिलेलीच हवी. तोंडी सांगून भागत नाही.

एके ठिकाणी मात्र ही मोजणी पुरत नाही. घ = ८ ला ४^८ = ६५५३६ पाच अंकीच आहे, मग पाच अंकी संख्यांत नऊ पदे का नकोत? (४/३)^८ येते ९.९९ च्या आसपास, म्हणजे दहाच्या जेमतेम आत. ३^८ = ६५६१. ग = १ घेतला तर पहिले पद चार अंकी, ग = २ घेतला तर शेवटचे पद १३१०७२, सहा अंकी. खिडकी इतकी अरुंद आहे की तिच्यात एकही पूर्णांक बसत नाही. सहा अंकी संख्यांत हेच गुणोत्तर ग = १५ आणि ग = १६ यांच्यामध्ये अडकते, सात अंकीत १५२ आणि १५३ यांच्यामध्ये. आठ अंकीत ग = १५२५ ला ते एकदाचे बसते, पण तोवर ५/४ कितीतरी पुढे गेलेले असते.

म्हणून प्रत्येक वेळी दोन गोष्टी तपासायच्या: घाताचे अंक पुरतात का, आणि खिडकीत पूर्णांक आहे का.

सात अंकांवर काय होते

आतापर्यंतची उत्तरे मांडू. एक अंकी ४, दोन अंकी ५, तीन अंकी ६, चार अंकी ७, पाच अंकी ८. सहा अंकी संख्यांत ५/४, घ = ८, ग = २ घेतले की १३१०७२ पासून ७८१२५० पर्यंत नऊ पदे मिळतात. म्हणजे ४, ५, ६, ७, ८, ९. वर्गातले सगळे हात वर होतात: सर, अंकांत तीन मिळवायचे! सात अंकीला दहा!

इथे थांबून त्यांना सात अंकी संख्यांचे गणित करायला लावा. ५/४, घ = १०, ग = १:

१०४८५७६
१३१०७२०
१६३८४००
२०४८०००
२५६००००
३२०००००
४००००००
५००००००
६२५००००
७८१२५००
९७६५६२५

अकरा पदे. नियम मोडला. आकृतिबंध दिसला म्हणून नियम झाला असे नाही, हे मुलांना सांगून जेवढे पटत नाही तेवढे या अकरा ओळींनी पटते. सिद्धता कशासाठी लागते, हा प्रश्न त्यानंतर माझ्याकडे कुणी आणलेला नाही.

पण खरी मजा दोन टोकांत आहे. पहिले पद दहा लाखांच्या किंचित वर, शेवटचे एक कोटीच्या किंचित खाली. सात अंकी संख्यांचा जवळजवळ सगळा पट्टा या श्रेढीने व्यापला आहे. हे कसे जमले? २^१० = १०२४, म्हणजे हजारापेक्षा थोडे जास्त. पहिले पद ४^१० म्हणजे १०२४ × १०२४, म्हणून ते हजार गुणिले हजारापेक्षा थोडे मोठे. शेवटचे पद ५^१० म्हणजे १०^१० ÷ १०२४. भाजक हजाराहून मोठा, म्हणून उत्तर एक कोटीहून थोडे लहान. हजारावरच्या त्या चोवीसने दोन्ही टोके सावरली.

आणि तोच चोवीस पुढच्या पायरीला नडतो. आठ अंकी संख्यांत ६/५ हे गुणोत्तर दहा पायऱ्यांना वापरून पाहा. त्याचे पहिले पद ५^१०, म्हणजे तेच ९७६५६२५. एक कोटीला २३४३७५ कमी पडतात. ग = २ केला तर शेवटचे पद नऊ अंकी होते. म्हणून आठ अंकीला नवे काही मिळत नाही. सात अंकी यादीला प्रत्येकी एक शून्य जोडायचे, तेवढेच. अकरा पायऱ्या तर नकोतच, कारण ६^११ नऊ अंकी आहे.

आठ ते तेरा अंक

इथून पुढे मोबाइलचा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून संगणकावरची स्प्रेडशीट घ्या, पण एक लक्षात असू द्या: तिथे पंधरा अंकांपर्यंतच संख्या अचूक राहते, त्यापुढचे अंक शून्य होतात. पायथनसारख्या भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो. तिथे न, घ आणि म यांची तीन आवर्तने लावायची आणि आत ग च्या दोन सीमांची तुलना करायची. भागाकारही पूर्णांकांचाच ठेवा. दशांश अपूर्णांकाने सीमा काढल्या तर अगदी काठावरच्या ठिकाणी उत्तर चुकू शकते, आणि या प्रश्नात सगळे काठावरच ठरते. तरी पहिली सात उत्तरे हातानेच काढा असा माझा आग्रह आहे. यंत्राने दिलेल्या यादीत १०२४ दिसत नाही.

नऊ अंकी: अकरा पायऱ्यांना ६/५ हवे. खालची सीमा ३, वरची २. नाही बसत. उत्तर ११ च.

दहा अंकी: अकरा पायऱ्या आता बसतात, ६/५ ने ग = २१ ते २७, ७/६ ने ग = ३ ते ५. बारा पायऱ्यांना खालची सीमा ५, वरची ४. उत्तर १२.

अकरा अंकी: ७/६ घ्या, तेरा पायऱ्या, ग = १. पहिले पद ६^१३ = १३०६०६९४०१६, शेवटचे ७^१३ = ९६८८९०१०४०७. दोन्ही अकरा अंकी. उत्तर १४.

बारा अंकीला १४ च राहते. तेरा अंकीला १५.

म्हणजे क्रम असा: ४, ५, ६, ७, ८, ९, ११, ११, ११, १२, १४, १४, १५. यात १० नाही आणि १३ ही नाही. दहा का नाही? नऊ पायऱ्यांना निदान ५^९ लागतो, तो सात अंकी, आणि सात अंकांत दहा पायऱ्याही बसतात. त्यामुळे दहा पदांना कुठेच पहिला नंबर मिळत नाही. तेरा का नाही, ते वरच्या दहा आणि अकरा अंकी ओळींवरून तुम्हीच लिहा.

दुसरा क्रम: किती श्रेढ्या?

सर्वांत लांब श्रेढी किती पदांची हे कळले. तेवढ्या लांबीच्या श्रेढ्या किती आहेत? इथे ल = म − १ ही सवलत आपोआप मिळत नाही. दुसरी गुणोत्तरेही तपासून बाद करावी लागतात. लहान अंकसंख्यांत ती दहापटीच्या अटीवर नाहीतर शेवटच्या पदाच्या अंकांवरच बाद होतात. उरलेल्यांच्या खिडकीतले पूर्णांक मोजायचे. एक ते चार अंकांना प्रत्येकी एकच श्रेढी. पाच अंकांना तीन: वर दिलेली एक आणि ४/३ गुणोत्तराच्या दोन, ग = ५ आणि ग = ६ च्या. सहा, सात, आठ अंकांना पुन्हा एकेक. आणि नऊ अंकांना एकदम पंधरा: ५/४ च्या सात, ६/५ च्या सहा, ७/६ च्या दोन. लांबी वाढायची थांबते तिथे संख्या फुगते. पहिल्या क्रमापेक्षा मला हा दुसराच जास्त आवडतो.

असे क्रम पडताळायला गणितज्ञ नील स्लोन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेला आणि १९९६ पासून इंटरनेटवर असलेला पूर्णांक-क्रमांचा विश्वकोश (OEIS) आहे. शोधायच्या चौकटीत पदे इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम देऊन टाकायची. नाव नोंदवून कुणालाही नवा क्रम पाठवता येतो आणि संपादक तो तपासतात. पाठवण्याआधी व्याख्या एका वाक्यात बसवा, पहिले पद कोणत्या न चे आहे ते सांगा, आणि प्रत्येक पदाची वरची मर्यादा सिद्ध केली आहे ना ते पाहा.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी पंधरा अंकी संख्यांवर ८/७ गुणोत्तर आणि सोळा पायऱ्या घेऊन खिडकी काढावी. ७^१६ = ३३२३२९३०५६९६०१. याची तिप्पट ९९६९८७९१७०८८०३, म्हणजे चौदाच अंक. चौपट घेतली तर शेवटचे पद सोळा अंकी होते. खालची सीमा ३.००९ येते आणि वरची ३.५५. पंधरा अंकांना सतरा पदे एवढ्याशा फरकाने हुकतात आणि उत्तर १६ राहते.